बसून बघणाऱ्या शमीमआपा

शमीमआपा पंचवीस मिनिटं तपासायला पंचवीस मिनिटं घ्यायच्या.

यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला त्याचा रागच यायचा. मी तेव्हा एक ॲप बनवत होतो. लॅपटॉपच्या पडद्यावर अगदी वर एक पट्टी असते, जिथे बॅटरी आणि वेळ दिसते. त्या पट्टीत बसणारा एक छोटासा टायमर. त्यावर क्लिक केलं की तो पंचवीस मिनिटं उलटी मोजणार. तेवढ्या वेळात माणसानं एकच काम करायचं, फोनला हात लावायचा नाही. वेळ संपली की बारीक टिंग, पाच मिनिटं सुट्टी, आणि पुन्हा पंचवीस. आता असा टायमर तपासायचा तर आम्ही लोक काय करतो? पंचवीस मिनिटांच्या जागी पंचवीस सेकंद टाकतो, टिंग वाजली की 'चालतंय' म्हणतो आणि चहाला जातो. मी सगळ्यांना असंच करताना पाहिलंय आणि स्वतःही वर्षानुवर्षं असंच केलंय. आपांनी मात्र एकदाही केलं नाही.

आमचं घर पिंपळे गुरवचं, मूळ गावातलं. जिथे ज्वारी व्हायची तिथे आता तीन मजले आणि भाडेकरू आहेत. हिंजवडीतली बरी चाललेली नोकरी सोडून मी घराखालच्या गाळ्यात दोन टेबलं टाकली आणि शटरवर कागद चिकटवला: 'टेस्टर पाहिजे, अर्धवेळ'. वडिलांना, म्हणजे आबांना, यातलं काहीच पसंत नव्हतं. "आरं, घड्याळ भिंतीला असतंय. त्येच्यासाठी काम्पुटर कशाला?" हा एकच प्रश्न ते रोज नव्या चालीवर विचारायचे. आणि टेस्टर ठेवणार हे कळल्यावर तर कपाळाला हात लावून म्हणाले, "आता घड्याळाची राखण कराया माणूस ठिवणार व्हय?"

तो कागद वाचून ज्या आत आल्या त्या शमीमआपा. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, डोक्यावरून ओढणी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि खांद्याला एक कापडी पिशवी. राहायला कासारवाडीत, रेल्वेलाइनला लागून. नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. उंबऱ्यावर उभं राहूनच त्यांनी विचारलं, "हे टेस्टर म्हणजे तपासनीसच ना?"

"एका अर्थी हो," मी म्हटलं.

"मग मी चोवीस वर्षं तेच केलंय."

पिंपरीतल्या एका कारखान्यात त्या ब्रेकचे सुटे भाग तपासायच्या. ती लाइन बंद झाली आणि त्या घरी बसल्या. मी जरा शहाणपणानंच समजावलं, की आपा, हे कॉम्प्युटरचं काम आहे, तसला माल नाही. तर शांतपणे म्हणाल्या, "माल कसला का असेना. तो कसा असायला हवा ते तू सांग. तसा आहे का नाही, ते मी सांगते." चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, सहा वर्षं नोकरी केली, पण टेस्टिंग म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, उद्यापासून या.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि पंचवीस सेकंद लावून दाखवले. त्यांनी चष्मा चढवला. "इथे काय लिहिलंय? पंचवीस मिनिटं. मग मी सेकंद कशाला तपासू?"

"आपा, आतलं गणित तेच आहे हो."

"असेल. पण बसून बघितलं का?"

हा त्यांचा परवलीचा प्रश्न. मी म्हणालो, कोण बसणार पंचवीस मिनिटं नुसतं बघत? तर म्हणाल्या, "नुसतं कोण म्हणतंय? रिकाम्या गाडीचा ब्रेक कोणीही पास करील. गाडी भरून बघायची असते. तुझा टायमर कामासाठी आहे ना? मग त्यात काम भरायला पाहिजे." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून एक पुस्तक आणि शंभर पानी वही काढली. पुस्तक होतं दहावीचं बीजगणित. मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं, टायमर सुरू केला आणि मान खाली घातली.

त्यानंतर जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. गल्लीत एका लग्नाच्या वरातीची डीजेवाली गाडी अडकली होती. शटर थरथरत होतं, माझ्या कपातला चहा हिंदकळत होता. आबा बाहेर येऊन त्या ड्रायव्हरशी कडाकडा भांडले. आपांची मान वर झाली नाही. कानावर हात नाही, कपाळावर आठी नाही. पेन चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. मी, एकाग्रतेचं ॲप बनवणारा महापुरुष, तेवढ्या वेळात अकरा वेळा फोन बघून आलो. टिंग वाजली तशी त्यांनी मान वर केली, घड्याळ पाहिलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "गाणी लावली होती का कोणी?" मी हातच जोडले.

हा प्रकार रोजचा झाला. त्यांनी स्वतःच एक रजिस्टर आखलं, कारखान्यात असायचं तसं. तारीख, ॲपची कितवी आवृत्ती, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, फरक किती, शेरा. शेवटचा रकाना होता 'तपासणाऱ्याची सही'. बाकी सगळे रकाने मोत्यासारख्या अक्षरात भरलेले, आणि हा शेवटचा मात्र प्रत्येक ओळीला कोरा. आठवडाभर बघून मी एकदा विचारलंच, की आपा, सही करायची राहतेय का?

"राहत नाही. करत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्या सुट्टीच्या पाच मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते असं. नववीत असताना लग्न झालं. कारखान्यात लागल्या त्या पॅकिंगला. नजर तयार म्हणून तपासणीवर घेतलं. पण तपासणीच्या अहवालावर सही करायला माणूस किमान दहावी पास हवा, असा तिथला नियम. त्यामुळे माल तपासायच्या आपा आणि कागद जायचा सुपरवायझरकडे. तो न बघता खाली सही ठोकायचा. "माल चांगला गेला तरी त्याचं नाव, परत आला तरी त्याचंच नाव. चोवीस वर्षं तपासलं मी. तपासणीच्या एका कागदावर माझं नाव नाही, बेटा. उद्या कोणी म्हटलं की हा माल या बाईनं तपासला कशावरून, तर काय दाखवू?" हे त्या इतक्या सरळ आवाजात बोलल्या, की ऐकताना मलाच कसंतरी झालं.

आता त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे बाहेरून दहावीची परीक्षा. चाकणच्या एका छोट्या कंपनीनं शब्द दिला होता की दहावीचं प्रमाणपत्र आणा, शेवटच्या तपासणीवर घेतो, सहीच्या अधिकारासकट. बाकी विषयांची त्यांना भीती नव्हती. पाचावर धारण बसायची ती गणिताची.

मी उदारपणे म्हटलं, "आपा, हे तर माझंच दुकान आहे. इथे कोण अडवतंय? करून टाका सही."

"कोणी अडवत नाही म्हणून करायची नसते. पास झाले की करीन." आणि पुढची पंचवीस मिनिटं सुरू.

त्यांना काय काय दिसायचं, देवा! एकदा म्हणाल्या, "तुझा आकडा बदलला की शेजारची चित्रं दचकतात." मी बघितलं, तर खरंच. एक हा आकडा अंगानं बारीक, आठ रुंद. त्यामुळे दर सेकंदाला माझा टायमर किंचित फुगायचा, आक्रसायचा आणि वरच्या पट्टीतली बाकीची चिन्हं केसभर इकडेतिकडे व्हायची. तीन महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. "माणूस खाली मान घालून काम करतोय आणि वर कोणीतरी सारखं चुळबुळ करतंय, कसं चालेल?" मी सगळ्या आकड्यांना सारखी जागा दिली तेव्हा कुठे त्यांनी शेऱ्यात 'ठीक' लिहिलं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टिंग वाजायच्या क्षणभर आधी त्यांचं पेन कागदावरून उचललं जायचं. रोज. मला वाटलं, चोरून घड्याळ बघत असतील. एक दिवस मी त्यांचं घड्याळ खिशात टाकलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हटलं, आता बोला. त्या गणितं सोडवत बसल्या. मी आकड्यांवर डोळे लावून बसलो. शेवटचे चार सेकंद उरले असताना त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "झाली बघ." हे कसं जमतं विचारलं तर त्यांना त्यात काही नवल वाटेना. "चोवीस वर्षं कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यापुढे बसले. ठरलेल्या वेळानं पुढचा डबा समोर यायचाच. मोजावं लागत नाही. आतून कळतं." नंतर मी दोन-तीनदा गुपचूप परीक्षा घेतली. प्रत्येक वेळी हाच प्रकार. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तुझं ॲप कशाला पायजे? त्या बाईलाच बशीव वर पट्टीत."

परीक्षा जवळ आली तसा मी त्यांना ऑफिसचा एक जुना लॅपटॉप घरी न्यायला दिला. दोन तासांचा सरावपेपर त्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार डावांत सोडवायच्या, माझ्याच टायमरवर. पेपर वेळेत पूर्ण व्हायला लागले होते. आपा खुशीत होत्या. मीही खुशीत होतो, कारण ॲप बाजारात आणायचा सोमवार ठरला होता आणि एव्हाना आबांनी ते सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी आपा आल्या. पिशवी ठेवली, लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

"संदीप, तुझं घड्याळ माझे लाड करतंय."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या खिडकीसमोरून लोणावळ्याची एक गाडी जाते. पेपर संपवून त्या उठायच्या तेव्हा ती यायची बाकी असायला हवी. पण गेले काही दिवस पेपर चालू असतानाच ती निघून जात होती. "टिंग व्हायच्या आधीच आतून 'झाली' वाटायचं, पण म्हटलं, परीक्षेच्या भीतीनं माझंच चुकतंय. गाडी गेली तेव्हा पहिल्या दिवशी म्हटलं, लवकर आली. पण बेटा, या लाइनवर रोज रोज गाडी वेळेआधी येते का कधी? मग मनगटावरचं घड्याळ लावून बसले. तुझा अर्धा तास बत्तीस मिनिटांचा आहे."

मी मानायलाच तयार नव्हतो. ऑफिसात इतके दिवस बरोबर होतं! मग खोदायला बसलो आणि दुपारपर्यंत चोर सापडला. माझं ॲप दर सेकंदाला एक वजा करत होतं, खऱ्या घड्याळाकडे ते बघतच नव्हतं. ऑफिसात लॅपटॉप चार्जरवर असायचा तेव्हा ठीक. आपांच्या घरी खिडकीपाशी प्लग नव्हता, त्यामुळे तो बॅटरीवर. त्यात त्या लिहायच्या वहीत. म्हणजे लॅपटॉपला कोणाचा हातच लागत नव्हता. असा पडून राहिला की तो बॅटरी वाचवायला पेंगतो, त्याचे सेकंद उशिरा येतात आणि माझं ॲप बापडं त्या पेंगलेल्या सेकंदांवर भरवसा ठेवून बसायचं. पंचवीस सेकंद लावून बघणाऱ्याला हे उभ्या जन्मात दिसलं नसतं.

चोर सापडला, पण तो पकडायला चार-पाच दिवस जाणार होते. आणि सोमवार तोंडावर. मी म्हटलं, "आपा, सोमवारी येऊ द्या बाहेर. नंतर गुपचूप दुरुस्त करतो. दोन मिनिटं जास्तच मिळतायत, कमी तर नाही ना! कोणाला कळणार?"

"मला परीक्षेत कळलं असतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. सव्वीस सरावपेपर. प्रत्येकावर आडवं, लाल शाईत लिहिलेलं: रिजेक्ट.

"अहो, हे काय केलंत?"

"कारखान्यात गेज असतो, भोकाचं माप तपासायची सळई. ती सळईच चुकीची निघाली तर काय करतात माहितेय? शेवटची बरोबर होती त्या दिवसापासून तिनं तपासलेला सगळा माल परत बोलावतात. गोदामातून, ट्रकमधून, जिथे असेल तिथून. सगळा पुन्हा तपासायचा. यात कोणाला विचारत नाहीत आणि कोणी रडत नाही. आणि चूक माझी पण आहे. माप घरी नेलं आणि नोंद ठेवली नाही. मला वाटलं, हे तर माझ्या अभ्यासाचं. आता सव्वीस पेपर पुन्हा सोडवते. महिना आहे हातात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या एका आळशी ओळीमुळे ही बाई पुन्हा बावन्न तास बीजगणित करणार होती, आणि वर चूक 'माझी पण' म्हणत होती! मी सोमवार रद्द केला. पाच दिवसांत ॲपला खऱ्या घड्याळाकडे बघायला शिकवलं. मला वाटलं, संपलं. तर आपा म्हणाल्या, "आणि तुझा मागचा माल?" ॲप आधीच शंभर-दीडशे ओळखीच्या लोकांना वापरून बघायला दिलं होतं. त्या सगळ्यांना मी पत्र लिहिलं, की मित्रांनो, तुमची पंचवीस मिनिटं कदाचित पंचवीस नव्हती. लिहिताना लाजेनं मान वर होत नव्हती. बहुतेकांनी अंगठ्याचं चित्र पाठवून सोडून दिलं. वाकडच्या एका मित्राचं मात्र उत्तर आलं, "अरेरे, भावा! मला वाटत होतं मी सुधारलोय." आबांना सोमवार पुढे गेल्याचं सांगितलं तेव्हा वाटलं, आता गल्लीभर नाचक्की म्हणून बोलतील. ते एवढंच म्हणाले, "त्या बाईनं थांब म्हटलं ना? मंग थांब. ती माप धरून हाय."

परीक्षा झाली ती रोज्यांच्या दिवसांत. आपांनी सव्वीसच्या सव्वीस पेपर पुन्हा सोडवले होते, खऱ्या वेळेत. पेपर कसा गेला विचारलं तर "गेला" एवढंच. निकाल लागला. सगळ्या विषयांत पास. गणितात सात मार्क कमी.

"गणित राहिलं," त्या म्हणाल्या. "जुलैत बसीन." आणि टायमर सुरू करून मान खाली.

नक्की माझ्याच टायमरनं घात केला, असं मनानं घेतलं. चाकणची कंपनी तोवर थांबेल का, हेही माहीत नव्हतं. संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू सुनीताताई पेढे घेऊन खाली आल्या. त्या मूळच्या बीडकडच्या, दोन मुलांची आई, त्यांनीही बाहेरूनच दहावी दिली होती आणि त्या पास झाल्या होत्या. पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "भाऊ, ह्यातला पहिला पेढा तुमच्या आपांचा हाय. त्या गेल्या का घरी? त्यांच्यामुळंच मी पास झाले बगा."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हंजे तुमाला सांगितलंच न्हाई का त्यांनी?" त्यांनी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

परीक्षेला दोघी एकाच वर्गात होत्या. घड्याळं, फोन, सगळं बाहेर ठेवायला लावलेलं. वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं. गणिताचा पेपर चालू असताना बेल वाजली आणि पर्यवेक्षक मॅडम, पोर नवीनच होती, 'वेळ संपली' म्हणून पुढच्या बाकापासून उत्तरपत्रिका गोळा करायला लागल्या. पुढच्यांनी मुकाट्यानं देऊन टाकल्या. सगळी आमच्यासारखीच मंडळी, सुनीताताई म्हणाल्या, कोण बोलणार? आपा होत्या शेवटच्या बाकावर. त्या उभ्या राहिल्या.

"म्हणाल्या, मॅडम, ही इशाऱ्याची बेल हाय, शेवटची न्हाई. अजून धा मिनिटं हायेत. मॅडम म्हणल्या, तुमाला काय म्हायती, घड्याळ हाय का तुमच्याकडं? तर म्हणल्या, घड्याळ न्हाई, पण धा मिनिटं हायेत. मॅडम चिडल्या. आपा काय खाली बसंनात. आवाज चढवला न्हाई, काय न्हाई. मोठ्या सायबांना बोलवा म्हणल्या. मंग केंद्रप्रमुख आले, त्यांनी त्यांचं घड्याळ बगितलं, आन् खरंच की वो! घेतलेले पेपर समद्यांना वापस दिले. ह्या गडबडीत सहा-सात मिनिटं गेली. मी मधल्या बाकावर, माजा पेपर अजून घेतला न्हवता. मी आपली लिहीतच होते. त्या शेवटच्या उदाहरणावर पास झाले मी. पन त्या तर उभ्याच होत्या ना, भाऊ. त्यांना कुठनं लिहिता येणार?"

मी हिशेब केला. मॅडम पुढून गोळा करत येत होत्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचायला त्यांना पाच मिनिटं तरी लागली असती. आपा गप्प बसून लिहीत राहिल्या असत्या तर त्यांचे सात मार्क कुठेच जात नव्हते. आणि त्या काय करत होत्या? उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्याबरोबर मी जवळजवळ भांडलोच. "आपा, चोवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं! खाली मान घालून लिहीत का नाही बसलात? लग्नाची वरात चालते तुम्हाला, आणि तिथेच का मान वर झाली?"

त्यांनी चष्मा पुसला. "मला माहीत होतं, बेटा. बाकी कोणाला माहीत नव्हतं. ज्याच्याकडे बरोबर माप आहे त्यालाच बोलावं लागतं. नाहीतर ते माप काय फक्त स्वतःपुरतं ठेवायचं?" मग रजिस्टर पुढे ओढत म्हणाल्या, "आणि गणित काय, पुन्हा देता येतं. त्या पुढच्या बाकावरच्या पोरींना पुन्हा फॉर्म भरू देतील का घरचे, कोणास ठाऊक."

मी आयुष्यात बरीच हुशार माणसं बघितली आहेत. त्यांच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं, कधी हेवाही वाटला. पण एखाद्या माणसासमोर आपण खूप लहान आहोत आणि त्याचं दुःख नाही, उलट छान वाटतंय, असं मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

चाकणची कंपनी त्यांच्यासाठी थांबली. जुलैत आपा पुन्हा बसल्या आणि गणितात चांगल्या मार्कांनी सुटल्या. निकाल हातात घेऊन त्या गाळ्यात आल्या तो त्यांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस, कारण सोमवारपासून चाकणची बस धरायची होती. आबा झाडून सगळ्यांना सांगत गल्लीत फिरत होते. मी मोठ्या थाटात रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं, नवं पेन ठेवलं आणि म्हटलं, "घ्या आपा. सगळे रकाने तुमचेच. करा सह्या."

त्यांनी पेन बाजूला सारलं. "मागच्या तारखांच्या? तौबा! तेव्हा मी पास होते का? नोकरीवर जायच्या आधीच हाकलायला लावशील." मग म्हणाल्या, "ताजी आवृत्ती दे."

"आता? आपा, आज शेवटचा दिवस आहे. नुसत्या गप्पा मारू."

"तपासल्याशिवाय सही कशी करू?"

दिली. चार्जर त्यांनी स्वतः काढून बाजूला ठेवला. पंचवीस मिनिटांचे चार डाव. पहिल्या तीन डावांत चाकणच्या कंपनीचे नियम वाचून काढले, फॉर्म भरले. चौथ्या डावाला मी विचारलं, आता काम काय भरणार? थोड्या लाजल्यासारख्या हसल्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांना लाजताना बघितलं नव्हतं. "पगार घेताना नुसतं नाव लिहून द्यायचे. अहवालावरची सही कशी करायची ते ठरवायचंय."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि टायमर सुरू केला. मी माझा फोन ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर लावून घेतला आणि समोर बसलो. त्या सही करायच्या, लांबून बघायच्या, मान हलवायच्या, पुन्हा करायच्या. कागद भरला, उलटला, दुसरी बाजू भरली. बाहेर काय चाललं होतं मला माहीत नाही. मी स्वतः बनवलेल्या टायमरवर, पुरी पंचवीस मिनिटं, पहिल्यांदाच बसून बघत होतो. त्यांचं पेन थांबलं आणि मग वरच्या पट्टीतून टिंग आली.

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवली. फरकाच्या रकान्यात शून्य लिहिलं, शेऱ्यात 'ठीक' लिहिलं. मग शेवटच्या रकान्यात, एकही अक्षर न मोडता, पूर्ण नाव: शमीम दस्तगीर मुलाणी. खाली एक सरळ रेघ.

मला राहवेना. मी त्या सहीवरून बोट फिरवायला हात पुढे केला, तर त्यांनी तो मधेच धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "शाई ओली आहे अजून."